ऑस्कर मिंकोव्स्की : मधुमेहाचे मूळ शोधणारा वैद्य

मधुमेह हा रोग मनुष्याला फार प्राचीन काळापासून ठाऊक आहे. चरक आणि सुश्रुत यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या आपल्या वैद्यकग्रंथांत या रोगाचे वर्णन आढळते. रोग्याचे मूत्र मधासारखे गोड होते आणि त्याकडे मुंग्या धाव घेतात, ही गोष्ट आपल्या प्राचीन वैद्यांच्या नजरेतून सुटली नव्हती. मधुमेह हे नावच त्यावरून पडले. ग्रीक वैद्यांनीही हा रोग पाहिला होता. रोग्याला न शमणारी तहान लागते, तो पुष्कळ खातो तरी वाळत जातो, आणि शेवटी त्याची शक्ती सर्वस्वी क्षीण होते, हे त्यांनीही लिहून ठेवले आहे.

परंतु रोगाची लक्षणे ओळखणे निराळे आणि त्याचे मूळ शोधणे निराळे. शरीराचा कोणता अवयव बिघडला असता हा रोग जडतो, हे शेकडो वर्षे कोणालाच निश्चितपणे सांगता येत नव्हते. कोणी मूत्रपिंडाला दोष देत, कोणी यकृताला, तर कोणी मेंदूला. मधुमेहाने मरण पावलेल्या काही रोग्यांचे शवविच्छेदन करताना जठराच्या मागे असलेले स्वादुपिंड सुकून गेलेले किंवा त्यात खडे झालेले आढळले होते. पण एवढ्यावरून काय सिद्ध होणार? स्वादुपिंड बिघडल्यामुळे मधुमेह झाला, की मधुमेहामुळे स्वादुपिंड सुकले, हा प्रश्न तसाच उरत होता. त्याचे निर्विवाद उत्तर जगाला १८८९ साली मिळाले. ते मिळवून देणाऱ्या वैद्याचे नाव ऑस्कर मिंकोव्स्की.

ऑस्करचा जन्म १३ जानेवारी १८५८ रोजी अलेक्सोतास या गावी झाला. हे गाव नेमान नदीच्या काठी, कौनास शहराच्या समोर वसलेले होते. आज तो भाग लिथुआनिया देशात मोडतो. त्या वेळी तेथे रशियाच्या झारचे राज्य होते. ऑस्करचे वडील व्यापारी होते आणि कुटुंब ज्यू होते. झारच्या राज्यात ज्यू लोकांवर नाना प्रकारची बंधने असत आणि त्यांचा छळही होई. त्यामुळे १८७२ साली हे कुटुंब आपले गाव सोडून जर्मन साम्राज्यातील क्योनिग्सबेर्ग या शहरी येऊन राहिले. ऑस्कर तेव्हा चौदा वर्षांचा होता. परक्या मुलखात सारे नव्याने उभारायचे होते. तथापि आईवडिलांनी मुलांच्या शिक्षणात कसूर होऊ दिली नाही.

त्या शिक्षणाचे चीज झाले. ऑस्करचा धाकटा भाऊ हेर्मान हा गणितात विलक्षण बुद्धिमान निघाला. अवघ्या अठराव्या वर्षी, १८८३ साली, त्याने पॅरिसच्या विज्ञान अकादमीचे मोठे पारितोषिक मिळविले. पुढे तो प्राध्यापक झाला. जगद्विख्यात शास्त्रज्ञ आईन्स्टाईन हे झुरिक येथे त्याचे विद्यार्थी होते. ऑस्करने मात्र वैद्यकाचा मार्ग पत्करला आणि १८८१ साली तो क्योनिग्सबेर्गच्या विद्यापीठातून डॉक्टर झाला.

तेथे बर्नहार्ट नाउनिन हे नामांकित प्राध्यापक त्यांना गुरू म्हणून लाभले. नाउनिन यांचा एक कटाक्ष होता. रुग्णाच्या खाटेपाशी जो प्रश्न पडतो, त्याचे उत्तर प्रयोगशाळेत शोधावे, आणि प्रयोगशाळेत जे उत्तर सापडते, ते पुन्हा रुग्णाच्या खाटेपाशी पडताळून पाहावे, अशी त्यांची शिकवण होती. मिंकोव्स्की यांनी ही शिकवण मनावर घेतली आणि जन्मभर पाळली.

नाउनिन यांच्या रुग्णालयात मधुमेहाचे रोगी येत. पुष्कळांचा शेवट ठरलेला असे. रोगी ग्लानीत जाई, त्याचा श्वास खोल व जोराने चालू लागे, आणि तो बेशुद्धीतच प्राण सोडी. असे का होते, याचा मिंकोव्स्की विचार करू लागले. १८८४ साली त्यांना अशा रोग्यांच्या मूत्रात एक विशिष्ट आम्ल आढळले. शरीराला साखर वापरता आली नाही, म्हणजे ते चरबी जाळू लागते. या ज्वलनातून आम्ले तयार होतात आणि रक्तात साठतात. तीच अखेर रोग्याचा घात करतात. मिंकोव्स्की यांच्या शोधामुळे या घातक बेशुद्धीचे कारण उलगडू लागले. परंतु शरीराला साखर का वापरता येत नाही, हे मूळ कोडे अजून सुटले नव्हते.

वैद्यकीय बुद्धीबरोबरच मिंकोव्स्की यांच्या हाताला दुर्मीळ कौशल्य होते. यकृताचे कार्य समजून घेण्यासाठी त्यांनी राजहंसाच्या जातीच्या पाळीव पक्ष्यांची यकृते शस्त्रक्रियेने काढली आणि त्यानंतर शरीरात कोणते बदल घडतात हे तपासले. अवयवाचे काम काय, हे समजत नसेल, तर तो अवयव नसताना काय बिघडते ते पाहावे, ही त्यांच्या संशोधनाची रीत होती. हीच रीत पुढे त्यांना कीर्तीच्या शिखरावर घेऊन जाणार होती.

१८८८ साली नाउनिन यांची नेमणूक स्ट्रासबुर्ग येथे झाली. हे शहर आज फ्रान्समध्ये आहे. त्या वेळी ते जर्मन साम्राज्यात होते. गुरूंबरोबर मिंकोव्स्कीही तेथे गेले. १८८९ च्या एप्रिल महिन्यात एके दिवशी ते एका रसायनशाळेच्या ग्रंथालयात काही पुस्तके पाहण्यासाठी गेले असता त्यांची योझेफ फॉन मेरिंग या संशोधकाशी गाठ पडली. दोघांचे बोलणे सुरू झाले ते मधुमेहाविषयी नव्हे, तर तेलातुपाच्या पचनाविषयी. स्वादुपिंड हे एक पाचक रस तयार करते आणि तो रस एका नळीवाटे आतड्यात जातो, हे तेव्हा ठाऊक होते. स्निग्ध पदार्थ पचण्यासाठी हा रस अत्यावश्यक आहे काय, हा मेरिंग यांच्यापुढील प्रश्न होता.

मिंकोव्स्की यांना उत्तराचा मार्ग सरळ दिसला. एखाद्या कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकावे आणि मग त्याला स्निग्ध पदार्थ पचतात का ते पाहावे. मेरिंग यांनी मान हलविली. स्वादुपिंड पूर्णपणे काढल्यावर प्राणी जगू शकत नाही, असे क्लोद बेर्नार या थोर फ्रेंच शास्त्रज्ञाचे मत होते, आणि ते सर्वांनी मान्य केले होते. मिंकोव्स्की बेर्नार यांचा आदर करीत असत. पण केवळ मोठ्या माणसाने म्हटले म्हणून एखादी गोष्ट अशक्य मानावी, हे त्यांना पटेना. मेरिंग यांच्याजवळ एक कुत्रा होता. त्याच दिवशी दुपारी नाउनिन यांच्या प्रयोगशाळेत मिंकोव्स्की यांनी, मेरिंग यांच्या मदतीने, त्या कुत्र्याचे संपूर्ण स्वादुपिंड काढले. कुत्रा जगला.

यानंतर मेरिंग यांना नात्यातील एका आजारी माणसासाठी कोल्मार या गावी जावे लागले. कुत्र्याकडे लक्ष ठेवण्याचे काम मिंकोव्स्की यांच्यावर आले. प्रयोगशाळेत मोकळा पिंजरा नसल्यामुळे त्याला तेथेच एका बाजूला बांधून ठेवले होते. हा कुत्रा शिकविलेला होता. घरात घाण न करण्याची त्याला सवय होती. असे असूनही तो वारंवार जमिनीवर मूत्रविसर्जन करू लागला. मिंकोव्स्की यांनी प्रयोगशाळेतील नोकराला, कुत्र्याला अधिक वेळा बाहेर नेण्याविषयी सांगितले. नोकराने खुलासा केला की, आपण त्याला पुष्कळदा बाहेर नेतो, परंतु आत आणल्याबरोबर तो पुन्हा तेच करतो.

दुसऱ्या एखाद्याने नोकराला चार शब्द सुनावून हा विषय संपविला असता. मिंकोव्स्की मात्र थबकले. पुष्कळ मूत्र होणे हे कोणत्या रोगाचे लक्षण, हे रुग्णालयात रोज रोगी पाहणाऱ्या या वैद्याला आठवल्यावाचून कसे राहील? जमिनीवरील मूत्र त्यांनी नळीत घेऊन तपासले. त्यात सुमारे बारा टक्के साखर निघाली!

पुढे या प्रसंगाभोवती एक गोष्ट रचली गेली. कुत्र्याच्या मूत्रावर माश्या घोंघावू लागल्या आणि त्यामुळे मिंकोव्स्की यांचे लक्ष तिकडे वेधले गेले, अशी ती गोष्ट आहे. ऐकायला ती गमतीची वाटते आणि म्हणून जगभर पसरली. परंतु मिंकोव्स्की यांनी स्वतः सांगितलेल्या हकिकतीत माश्यांना कोठेच स्थान नाही. शोध लागला तो माश्यांमुळे नव्हे; एका क्षुल्लक दिसणाऱ्या घटनेचे कारण विचारणाऱ्या मनामुळे लागला.

साखर सापडली म्हणून मिंकोव्स्की हर्षाने नाचू लागले नाहीत. त्यांच्या मनात पहिल्याप्रथम शंका आली. फ्लोरिझिन नावाचे एक द्रव्य प्राण्याला दिले असता त्याच्या मूत्रातून साखर जाऊ लागते, हा शोध काही वर्षांपूर्वी स्वतः मेरिंग यांनीच लावला होता. हा कुत्राही मेरिंग यांच्याकडचाच. त्याला पूर्वी ते द्रव्य दिलेले असेल, तर साखरेचा आणि स्वादुपिंडाचा काहीच संबंध नाही असे ठरेल. म्हणून मिंकोव्स्की यांनी आणखी कुत्रे घेतले. त्यांच्या मूत्रात साखर नाही, याची आधी खात्री करून घेतली आणि मग त्यांची स्वादुपिंडे काढली. प्रत्येकाच्या बाबतीत तोच परिणाम घडला. तहान, भूक, मूत्राचे आधिक्य, रक्तातील वाढलेली साखर, झपाट्याने वाळत जाणारे शरीर आणि अखेरीस मृत्यू, अशी माणसाच्या मधुमेहाची सारी लक्षणे त्या मुक्या प्राण्यांत क्रमाक्रमाने दिसू लागली. आता शंकेला जागा उरली नाही. स्वादुपिंड नाहीसे झाले की मधुमेह होतो, हे सिद्ध झाले.

तरीही एक प्रश्न राहिलाच. स्वादुपिंडातील कोणती गोष्ट गेल्यामुळे मधुमेह होतो? नळीवाटे आतड्यात जाणारा पाचक रस गेल्यामुळे, की आणखी कशामुळे? हे ठरविण्यासाठी मिंकोव्स्की यांनी प्रयोगांची साखळीच रचली. नळी बांधून पाचक रसाची वाट बंद केली. पण त्या कुत्र्यांना तसा मधुमेह झाला नाही. स्वादुपिंडाचा बराच भाग काढून थोडा ठेवला, तरीही मधुमेह टळला किंवा सौम्य राहिला. म्हणजे रस आतड्यात पोचणे महत्त्वाचे नव्हते. ग्रंथीचा काही भाग शरीरात जिवंत असणे महत्त्वाचे होते.

मग त्यांनी सर्वांत सुंदर प्रयोग केला. स्वादुपिंडाचा एक तुकडा, त्याच्या रक्तवाहिन्या न तोडता, त्यांनी कुत्र्याच्या पोटाच्या कातडीखाली आणून बसविला. तो तेथे रुजल्यावर पोटातील उरलेले सर्व स्वादुपिंड काढून टाकले. आता स्वादुपिंड आपल्या जागी नव्हते आणि आतड्याशी त्याचा काही संबंध उरला नव्हता. तरी कुत्र्याला मधुमेह झाला नाही! कातडीखालच्या त्या लहानशा तुकड्याने त्याचे रक्षण केले. पुढे तो तुकडाही काढला. ही शस्त्रक्रिया अगदी साधी होती. पोट उघडण्याचेही कारण पडले नाही. पण ती होताच कुत्र्याला तीव्र मधुमेह जडला. त्याच सुमारास फ्रान्समध्ये एमानुएल एदों या शास्त्रज्ञानेही अशाच प्रकारचे प्रयोग करून हाच निष्कर्ष काढला.

या प्रयोगांचा अर्थ स्पष्ट होता. स्वादुपिंड दोन कामे करते. एक पाचक रस तयार करण्याचे. तो नळीवाटे आतड्यात जातो. दुसरे, एक अदृश्य द्रव्य सरळ रक्तात सोडण्याचे. रक्तातील साखर शरीराला वापरता यावी म्हणून या दुसऱ्या द्रव्याची गरज असते. साखर हे शरीराचे इंधन होय. घरात लाकडांची रास पडलेली असावी, पण चुलीपर्यंत ती पोचविणारा कोणी नसावा, तशी मधुमेही माणसाची अवस्था होते. रक्तात साखर भरपूर असते, पण शरीर उपाशी राहते. आणि न वापरलेली साखर मूत्रपिंडांवाटे पाणी ओढून घेत बाहेर पडते. मिंकोव्स्की यांनी हे सर्व संशोधन १८९३ साली एका विस्तृत निबंधात प्रसिद्ध केले.

कारण सापडले, आता औषध सापडणार, असे कोणालाही वाटले असते. स्वादुपिंडातील ते द्रव्य वेगळे काढावे, रोग्याला द्यावे, आणि त्याचे प्राण वाचवावे, इतके ते सोपे दिसत होते. मिंकोव्स्की यांनी स्वतः प्रयत्न केले. जगातील अनेकांनी केले. परंतु यश येईना. स्वादुपिंडाचा अर्क काढावा, तर त्यातील पाचक रस त्या मौल्यवान द्रव्याचाच नाश करी; आणि अर्कातील इतर घटक शरीराला अपाय करीत. वर्षामागून वर्षे जात होती. मधुमेह झालेली लहान मुले रुग्णालयात येत आणि काही महिन्यांत, फार तर एकदोन वर्षांत, जग सोडून जात. त्यांचे अन्न तोडून त्यांना काही दिवस अधिक जगविणे, एवढेच वैद्यांच्या हाती होते. रोगाचे मूळ ज्याला सर्वांपेक्षा अधिक ठाऊक, त्यालाच रोग्याच्या खाटेपाशी हात बांधून उभे राहावे लागत होते. मिंकोव्स्की यांच्या आयुष्यातील ही मोठी वेदना होती.

इकडे त्यांच्या नोकरीतही अडथळे होतेच. ज्यू कुळात जन्मलेल्या विद्वानाला त्या काळच्या जर्मन विद्यापीठांत वरची जागा मिळणे सोपे नसे. कीर्ती जगभर पसरली असूनही त्यांना पुष्कळ वर्षे वाट पाहावी लागली. १९०० साली ते कोलोन येथील रुग्णालयात गेले, १९०५ साली ग्राइफ्सवाल्ड विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि १९०९ साली ब्रेस्लाउ येथे त्यांची नेमणूक झाली. हे शहर आज पोलंडमध्ये असून व्रोत्सवाफ या नावाने ओळखले जाते. त्याच १९०९ साली त्यांचा लाडका भाऊ हेर्मान आंत्रपुच्छाच्या विकाराने वयाच्या अवघ्या चव्वेचाळिसाव्या वर्षी वारला.

ब्रेस्लाउ येथे असताना त्यांच्या विवेकाची कसोटी पाहणारा प्रसंग आला. बर्लिन येथील गेओर्ग झुल्झर या डॉक्टरांनी स्वादुपिंडाचा एक अर्क तयार केला होता आणि काही रोग्यांना तो टोचूनही पाहिला होता. या अर्काची परीक्षा मिंकोव्स्की यांच्या रुग्णालयात त्यांच्या एका सहकाऱ्याने केली. अर्क टोचला असता साखर उतरे, हे खरे. परंतु रोग्याला ताप चढे आणि इतरही गंभीर त्रास होत. ज्या औषधाची इतकी वर्षे वाट पाहिली, ते जणू दारापर्यंत आले होते. तरीही रोग्याच्या जिवाला अपाय होत असताना तो प्रयोग पुढे रेटणे या रुग्णालयाला मान्य झाले नाही. परीक्षा थांबविण्यात आली. औषधाची घाई कितीही असली, तरी रोग्याचे हित पहिले, हा वैद्याचा धर्म तेथे पाळला गेला.

संशोधनाचे काम हे असेच असते. पुणे जिल्ह्यात जुन्नरच्या उत्तरेस लेण्याद्रीचा डोंगर आहे. तेथे सुमारे अठराशे ते दोन हजार वर्षांपूर्वी कठीण कातळात खोदलेली बौद्ध लेणी आहेत; त्यांपैकी एका लेण्यात पुढील काळात गिरिजात्मज गणपतीची स्थापना झाली. पायऱ्या चढून वर जाणारा यात्रेकरू तेथील प्रशस्त दालन पाहून थक्क होतो. परंतु ज्या कारागिराने ओबडधोबड कड्यावर पहिली छिन्नी चालविली, त्याची आठवण कितीजणांना होते? खोदकाम कोठून सुरू करायचे हे त्याने अचूक ठरविले नसते, तर मागून आलेल्यांचे श्रम फुकट गेले असते. मधुमेहाच्या बाबतीत कड्यावरची ती पहिली छिन्नी मिंकोव्स्की यांनी चालविली. आत शिरण्याची वाट मात्र इतरांनी पुढे नेली.

पाउल लांगेरहान्स नावाच्या एका जर्मन विद्यार्थ्याने १८६९ सालीच स्वादुपिंडात सूक्ष्मदर्शकाखाली पेशींचे निराळे पुंजके पाहिले होते. समुद्रात बेटे दिसावीत तसे ते दिसत. पण त्यांचे कार्य काय, हे त्याला उलगडले नव्हते. मिंकोव्स्की यांच्या प्रयोगांनंतर शास्त्रज्ञांचे लक्ष या बेटांकडे गेले. १९०१ साली यूजिन ओपी या अमेरिकन शास्त्रज्ञाने, मधुमेहाच्या रोग्यात ही बेटे नष्ट झाल्याचे दाखविले. ते अदृश्य द्रव्य या बेटांतच तयार होत असले पाहिजे, असा विचार दृढ झाला. लॅटिन भाषेत बेटाला इन्सुला म्हणतात. त्यावरून त्या न सापडलेल्या द्रव्याला इन्सुलिन हे नावही आधीच मिळाले!

अखेर १९२१ साली कॅनडातील टोरंटो शहरात फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट या दोन तरुणांनी, प्राध्यापक मॅक्लाउड यांच्या प्रयोगशाळेत, हा अर्क काढण्यात यश मिळविले. अर्क खरोखर गुणकारी आहे की नाही हे पडताळण्यासाठी त्यांना मधुमेह झालेले कुत्रे हवे होते. यासाठी त्यांनी कुत्र्यांची स्वादुपिंडे काढली. म्हणजे मिंकोव्स्की यांनी बत्तीस वर्षांपूर्वी दाखविलेला मार्गच अनुसरला. जेम्स कॉलिप या रसायनशास्त्रज्ञाने तो अर्क शुद्ध केला. ११ जानेवारी १९२२ रोजी लेनर्ड टॉमसन या चौदा वर्षांच्या मरणोन्मुख मुलाला पहिली सुई टोचण्यात आली. पहिला अर्क पुरेसा शुद्ध नसल्याने त्याचा म्हणावा तसा उपयोग झाला नाही. परंतु २३ जानेवारीपासून शुद्ध अर्क देऊ लागताच त्या मुलाच्या रक्तातील साखर उतरली आणि त्याच्या अंगात पुन्हा शक्ती आली. यानंतर तो आणखी तेरा वर्षे जगला.

ही वार्ता ब्रेस्लाउला पोचली तेव्हा मिंकोव्स्की यांनी वयाची चौसष्ट वर्षे ओलांडली होती. आपण ज्यासाठी आयुष्य वेचले, ते दुसऱ्यांच्या हाती लागले म्हणून खिन्न होणारा माणूस निराळा. मिंकोव्स्की यांनी या शोधाचे मनापासून स्वागत केले. १९२३ साली जर्मनीत इन्सुलिनची निर्मिती व वापर यांवर देखरेख करण्यासाठी समिती स्थापन झाली, तिचे अध्यक्षपद त्यांनी स्वीकारले. शुद्ध आणि योग्य शक्तीचे इन्सुलिन जर्मनीतील रोग्यांना मिळावे यासाठी ते झटले. टोरंटोचे शास्त्रज्ञ त्यांना आदराने इन्सुलिनचे आजोबा म्हणत. आपल्याला पूर्वी इन्सुलिनचा पिता होण्याची आशा होती, परंतु आता आजोबा म्हणवून घेण्यातच आनंद आहे, असे ते हसत सांगत. १९२३ चे नोबेल पारितोषिक बँटिंग आणि मॅक्लाउड यांना मिळाले. मिंकोव्स्की यांना ते कधीच मिळाले नाही. पण त्याबद्दलची कटुता त्यांच्या मनाला शिवली नाही.

१९२६ साली ते सेवानिवृत्त झाले. १९३१ साली, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. यानंतर दोनच वर्षांनी जर्मनीत हिटलरची सत्ता आली आणि ज्यू लोकांचा अनन्वित छळ सुरू झाला. मिंकोव्स्की यांचे पुत्र रुडॉल्फ हे खगोलशास्त्रज्ञ होते. त्यांना १९३५ साली अमेरिकेला जावे लागले. एका छळापासून वाचण्यासाठी जे कुटुंब जर्मनीत आले होते, त्याच्याच पुढच्या पिढीवर पुन्हा देशांतराची पाळी आली. त्यांना घर सोडावे लागले, परंतु मिंकोव्स्की यांनी मिळविलेले ज्ञान मात्र साऱ्या जगाचे झाले होते. ते कोणाला हद्दपार करता आले नाही.

आज मधुमेहाचे अनेक प्रकार ठाऊक झाले आहेत. बहुसंख्य रोग्यांत स्वादुपिंड जागेवर असते, पण त्याचे इन्सुलिन अपुरे पडते किंवा शरीर त्याला दाद देत नाही. काहींना मात्र अगदी मिंकोव्स्की यांच्या कुत्र्यांप्रमाणे, स्वादुपिंडाला रोग झाल्यामुळे किंवा ते शस्त्रक्रियेने काढावे लागल्यामुळे मधुमेह होतो. आपल्या देशातही स्वादुपिंडात खडे होऊन तरुण वयात जडणारा मधुमेह आढळतो. केरळातील डॉ. पी. जे. गीवर्गीस यांनी अशा रोग्यांचा दीर्घकाळ अभ्यास केला आणि त्यांचा या विषयावरील ग्रंथ १९६८ साली मुंबईत प्रसिद्ध झाला. अशा रोग्यांना इन्सुलिनबरोबर पचनासाठीही औषध द्यावे लागते, कारण स्वादुपिंडाची दोन्ही कामे थांबलेली असतात.

कातडीखाली रुजविलेल्या त्या लहानशा तुकड्याचेही पुढे चीज झाले. १९७७ साली अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात, स्वादुपिंड काढावे लागलेल्या रोग्याच्या बाबतीत, त्याच स्वादुपिंडातील बेटे वेगळी करून त्याच्या यकृतात रुजविण्यात आली. मधुमेह टळावा किंवा निदान सौम्य राहावा, हा त्यामागील हेतू. मिंकोव्स्की यांनी कुत्र्यावर केलेला प्रयोग असा माणसाच्या उपयोगी पडला.

मधुमेहावर संशोधन करणाऱ्या युरोपातील विद्वानांच्या संस्थेने १९६६ सालापासून मिंकोव्स्की यांच्या नावाने एक पारितोषिक सुरू केले आहे. ते वृद्ध व यशस्वी पंडितांसाठी नाही. उमेदीच्या काळातील संशोधकाला ते दिले जाते. ही योजना मिंकोव्स्की यांच्या चरित्राला साजेशीच आहे. मोठ्यांचे मत म्हणून अशक्य न मानणारा, लहानशा घटनेचे कारण विचारणारा, स्वतःच्याच शोधावर आधी शंका घेणारा आणि दुसऱ्याच्या यशाने आनंदित होणारा तो तरुण एकतीस वर्षांचा होता, तेव्हा त्याने मधुमेहाचे मूळ शोधून काढले. आज इन्सुलिनच्या आधाराने शाळेत जाणाऱ्या, खेळणाऱ्या आणि मोठी होणाऱ्या असंख्य मुलांच्या जीवनात त्याच्या श्रमाचा वाटा आहे.